बाईंचा उजवा कान

आमच्या फॅक्टरीत बाईंच्या उजव्या कानाला मोठ्या साहेबांपेक्षा जास्त मान होता. वारा सुटला की त्या कानावर पदर जायचा. पंख्याखाली बसायची वेळ आली तर खुर्ची अशी फिरवली जायची की वारा डावीकडून लागावा. उजव्या कानात बाईंनी कधी कुडी घातली नाही, डाव्यात मात्र मोत्याची कुडी लखलखत असायची. एकाच कानात कुडी घातलेली बाई बघून नवीन माणूस चक्रावायचा. कुणी विचारलंच तर बाई म्हणायच्या, "उजवा कामाचा आहे. डावा मिरवायचा."

बाई आमच्या टेलिफोन बोर्डावरच्या मुख्य ऑपरेटर. फॅक्टरी अंबरनाथच्या एमआयडीसीत, रंगांची रसायनं बनवणारी. ऐंशीच्या दशकात मी तिथे दुय्यम ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा माझं लग्न नुकतंच झालं होतं आणि मी बदलापूरहून येत असे. बोर्ड म्हणजे कपाटाएवढं लाकडी धूड. त्यावर भोकांच्या रांगा आणि समोर दोऱ्यांच्या टोकांना पितळी प्लग. कुणाचा फोन आला की त्याच्या भोकावरचं झाकण टपकन पडायचं. आपण प्लग खुपसायचा, कोण हवंय विचारायचं आणि जोडीचा प्लग त्या खात्याच्या भोकात घालायचा. डोक्यावर हेडसेट, त्याला ऐकायची वाटी एकच. बाईंची वाटी अर्थातच उजवीकडे.

सकाळी आल्या आल्या बाई जुन्या परकराच्या तुकड्याने सगळे प्लग घासायच्या. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "लाईन खरखरते म्हणजे कुठेतरी मळ बसलाय. मळ काढला की लाईन बोलते." बोर्डाच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं होतं. टेलिफोन खात्याचा लाईनमन तारा तपासून दमायचा, आणि बाई एक प्लग घासून लाईन चालू करून द्यायच्या. घोटाळा इतकाच की बाईंनी हाच नियम सगळ्या जगाला लावला होता. पोट दुखतंय? मळ. झोप येत नाही? मळ. लेबर ऑफिसातल्या दोन कारकुनांनी एकमेकांशी बोलणं टाकलं तेव्हाही बाईंचं निदान तेच. त्यांनी काय केलं, तर दोघांच्या भोकांत एका दोरीचे दोन प्लग घातले आणि दोघांच्या टेबलावर एकदम घंटा वाजवली. दोघांनी फोन उचलला. दोघांनाही वाटलं की समोरच्यानेच फोन केलाय, म्हणजे माघार त्यानेच घेतली. दोघंही खूश. आठवडाभरात डबा एकत्र खायला लागले.

स्वतःच्या शरीराचा मळ काढायला बाई काय वाटेल ते करायच्या. उशाखाली लोहचुंबक ठेवून झोपायच्या. हिरव्या बाटलीतलं पाणी उन्हात तापवून प्यायच्या. एकदा पंधरा दिवस नुसत्या दुधीच्या रसावर राहिल्या आणि बोर्डावर चक्कर येऊन पडल्या. उठल्या तेव्हा म्हणाल्या, बघ, मळ निघताना असंच होतं. मला त्यांनी सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर पाणी प्यायला लावायचा प्रयत्न केला. मी सांगितलं, बाई, मला बदलापूरहून यायचंय आणि वाटेत सोय नाही. तो विषय तिथेच मिटला.

पण कान म्हणजे कान. आवाज ऐकून माणूस ओळखणं ही तर सोपी गोष्ट, ती मलाही जमायला लागली होती. बाईंना माणसाच्या मागचंही ऐकू यायचं. एकदा दुपारी प्लांटचं झाकण पडलं. बाईंनी प्लग घातला. पलीकडचा माणूस घाबरून नुसता धापा टाकत होता, तोंडातून शब्द फुटत नव्हता. बाईंनी त्याची वाट पाहिली नाही. त्याच्या धापांच्या मागे त्यांना बारीक शिटीसारखा आवाज आला, आणि त्यांनी दुसऱ्या हाताने सुरक्षा खात्याची घंटा वाजवून सांगितलं की व्हॉल्व्ह फुटलाय, मागच्या शेडमध्ये, पळा. त्या माणसाला "गॅस" म्हणायला जमेपर्यंत लोक निम्म्या वाटेवर पोचले होते. संध्याकाळी मोठे साहेब स्वतः खाली आले. बाईंनी त्यांचं कौतुक नीट ऐकून घेतलं आणि बोर्डाला टेकू नका म्हणून सांगितलं.

अशा कानाला नव्वद साल उलटल्यावर कधीतरी दडे बसायला लागले. बाई लोकांना "परत बोला" म्हणायला लागल्या, त्याआधी मी त्यांच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं. मग त्या वाटीवर तळहात दाबून धरायला लागल्या. मी बघितलं, आणि मी बघितलंय हे त्यांनीही बघितलं. नेमका त्याच सुमारास नवा पर्सोनेल ऑफिसर आला. तरुण, हुशार, कडक इस्त्रीचा. त्याने नोटीस लावली की यंदाच्या तपासणीत सगळ्यांचे कान मशीनने तपासले जातील. बोर्डावरचं कुणी नापास झालं तर त्याची बदली डिस्पॅचमध्ये होईल.

डिस्पॅच म्हणजे फॅक्टरीच्या मागच्या टोकाची शेड. तिथे पिंपांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या.

"तिथे फोन नाही गं," बाई मला म्हणाल्या. एखाद्या गावात पाणी नाही असं आपण ज्या सुरात सांगतो, त्या सुरात. बाई एकट्या राहायच्या, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये. बोर्डाबाहेर त्यांच्याशी बोलणारं असं कुणी नव्हतं.

मी म्हटलं, कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. पण डॉक्टरकडे गेलो तर चिठ्ठी होणार, आणि ती चिठ्ठी ऑफिसात पोचणार, अशी त्यांना भीती. त्यापेक्षा त्यांनी वेगळाच उपाय शोधून काढला, आणि तो सांगताना त्यांचे डोळे असे चमकत होते की मी नाही म्हणू शकले नाही. मला गाऊनसाठी कापड घ्यायचंच होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर उल्हासनगरच्या बाजारात गेले. चपला आणि फर्निचरच्या दुकानांच्या मधे एक बोळकांडीएवढं दुकान. काउंटरवर शक्तीच्या गोळ्या, चुंबकाचे पट्टे, पोट कमी करायचे बेल्ट. बाई त्या सिंधी दुकानदाराला साईं म्हणत आणि तो बाईंना बहेनजी. त्याने काचेखालून चकचकीत कागदाचं खोकं काढलं. आत पिवळट रंगाच्या, हातभर लांब, पोकळ मेणबत्त्या. मेणात बुडवलेल्या कापडाची गुंडाळलेली नळीच ती.

"फॉरेन का माल है, बहेनजी. कान में लगाओ, ऊपर से जलाओ. आग जो है ना, वो अंदर का सब कचरा खींच लेती है."

"चिमनी जैसा?" बाईंनी विचारलं.

"एकदम चिमनी."

बस. बाईंना पटलं. इतक्या वर्षांत त्यांच्या नियमाला इतकं सरळ उत्तर कुणी दिलं नव्हतं. मळ बसलाय, तो ओढून काढायचा, लाईन साफ. त्यांनी अख्खं खोकं घेतलं.

पण बाई हुशार. स्वतःच्या उजव्या कानाला लगेच हात लावायची त्यांची तयारी नव्हती. आधी दुसऱ्यांवर प्रयोग. जेवणाच्या सुट्टीत लेडीज रूममध्ये त्यांनी दरबारच भरवला. आडवं व्हायचं, एका कुशीवर. पुठ्ठ्याच्या ताटलीला मधे भोक, त्यातून मेणबत्तीचं निमुळतं टोक कानात. वरचं टोक पेटवलं की ज्योत अशी फडफडायची की बघणाऱ्यांच्या अंगावर काटा यावा. कानात फुरफुर आवाज यायचा. निम्म्याच्या वर जळली की बाई ती काढून पाण्यात विझवायच्या, आणि मग खरी गंमत. ब्लेडने त्या उरलेला तुकडा उभा चिरायच्या. आत पिवळी-तपकिरी भुकटी आणि चिकट गोळे.

"बघा गं, हिच्या कानातलं! शाळेपासूनचं असणार."

बायका ओरडायच्या, नाक मुरडायच्या आणि पुन्हा वाकून बघायच्या. टायपिस्टने लावली, कँटीनमधल्या मावशींनी लावली. सगळ्यांना हलकं वाटलं. हलकं वाटणारच, अर्धा तास आडवं पडायला कुठे मिळतं? लेडीज रूममध्ये उदबत्ती आणि वडा यांच्या मधला वास कोंदायला लागला. बाईंनी त्या प्रकाराला कानबत्ती असं नावही ठेवलं. बायका आपापल्या खात्यातून फोन करून नंबर लावायच्या, आणि मलाच ते नंबर लक्षात ठेवावे लागायचे. काहींनी तर बाईंकडून एक-दोन मागून घेऊन आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या.

मला एक गोष्ट खटकत होती. कुणाचाही कान असो, भुकटी तेवढीच. टायपिस्टने आदल्याच आठवड्यात दवाखान्यात कान साफ करून घेतले होते, तरी तिचीही तेवढीच. मग मी एक कानबत्ती घेतली, दुधाच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडात उभी केली आणि पेटवली. विझवून चिरली. तीच पिवळी भुकटी, तेच गोळे. मी तो तुकडा बाईंपुढे ठेवला.

बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "बाटली धुतली होतीस का?" त्यांनी विचारलं.

मी दुसरी बाटली धुऊन, पुसून, त्यांच्यासमोर पुन्हा तसंच केलं. पुन्हा तेच निघालं. त्या वेळी मी एक न जळालेली कानबत्तीही उलगडली. मेण खरवडल्यावर आतल्या कापडावर निळी फुलं दिसली. त्याच फेरीत मी उल्हासनगरहून आणलेल्या गाऊनच्या कापडावरची फुलं. फॉरेनचा माल कुठल्या तरी शिलाईखान्यातल्या चिंध्यांचा होता. बाईंनी त्या फुलांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "कापड कुठलंही असो. ओढते ती आग."

आमच्या तपासणीच्या आदल्या दिवशी पॅकिंगमधली एक बाई बोर्डरूमच्या दाराशी आली. तिची पाच वर्षांची मुलगी कान दुखतोय म्हणून रडत होती, दोन रात्री घरात कुणाला झोप नव्हती. बाईंनी तिला खोक्यातली एक कानबत्ती देऊन टाकली. उद्या संध्याकाळी नवरा घरी असेल, तो पोरीला धरून ठेवेल, तेव्हा लावते असं म्हणून ती गेली.

आणि त्याच दुपारी बाईंनी स्वतःच्या उजव्या कानाला लावून घेतली. मी बोर्डावर होते. कानबत्ती धरायला टायपिस्ट होती, आणि तिला मधेच शिंक आली. तेवढंच. नळी तिरकी झाली आणि वितळलेलं मेण आतल्या पोकळीतून सरळ खाली गेलं.

बाई ओरडल्या नाहीत. त्या बोर्डरूममध्ये आल्या, खुर्चीत बसल्या, हेडसेट घेतला आणि वाटी डाव्या कानाला लावली. मोत्याची कुडी काढून त्यांनी टेबलावर ठेवली होती. उजव्या कानाच्या वरचे केस जळून आखडले होते आणि तोंड पांढरं पडलं होतं. मी विचारलं काय झालं, तर त्यांनी उत्तर दिलं नाही. मी त्यांच्या उजवीकडे बसले होते. मग मी उठून डावीकडे गेले आणि पुन्हा विचारलं.

त्या संध्याकाळी मी त्यांना रिक्षात घालून उल्हासनगरच्या एका कानाच्या डॉक्टरकडे नेलं. चिठ्ठीबिठ्ठीचा विचार केला नाही. डॉक्टर म्हातारे होते, कपाळावर आरसा बांधून बघायचे. चिमट्याने त्यांनी आधी थिजलेलं मेण काढलं, तुकड्या-तुकड्याने. बाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी पिचली. मेणाच्या मागून डॉक्टरांनी आणखी एक काळपट, कडक गोळा काढला आणि ताटलीत टाकला. चिंचोक्यासारखा दिसत होता.

"हा तुमचा स्वतःचा," ते म्हणाले. "ऐकू कमी येत होतं ते याच्यामुळे. बत्तीने हा जागचा हलला नाही. हलणार कसा? कान आतून पडद्याने बंद असतो, चिमणीसारखा आरपार नसतो. आग काही ओढत नाही, बाई. धूर वर जातो आणि मेण खाली येतं."

"आणि आधीच आले असते तर?"

"चार दिवस थेंब टाकले असते, मऊ झाल्यावर काढून दिला असता. आता पडदा भाजलाय आणि त्याला भोक पडलंय. कदाचित भरेल. कदाचित नाही. कानात पाणी जाऊ देऊ नका."

रिक्षाने मी त्यांना कॅम्प चारला घरी सोडलं. उतरताना म्हणाल्या, उद्याचं मी बघते. ज्या खात्यांची तपासणी आधीच झाली होती त्यांच्याकडून त्यांनी सगळी माहिती काढली होती. तपासणारा माणूस मागे बसतो. दोन्ही कानांवर वाट्या घालतो, एका वेळी एका कानात बारीक आवाज सोडतो, आवाज आला की आपण बोट वर करायचं. पण आवाज सोडताना त्याचं बटण खट् वाजतं. ते खट् बाईंच्या डाव्या कानाला वाटीतूनही ऐकू येणार होतं. "खट् झालं की बोट वर. कुणाला कळणार?" मला माहीत होतं की हे जमेल. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरच पॅकिंगवाली भेटली. मुलगी रात्रभर रडत होती म्हणाली, आणि संध्याकाळची वाट बघतेय म्हणाली. बाईंनी तिला सांगितलं की ती कानबत्ती लावू नकोस, फेकून दे.

"का हो, बाई? तुम्ही तर सगळ्यांना लावलीत. स्वतःला पण लावली ना काल, टायपिस्ट सांगत होती."

बाई काही बोलायच्या आत भोंगा झाला आणि ती पळाली. तिला अजिबात पटलं नव्हतं. तिला वाटलं असणार की खोक्यात थोड्याच उरल्यात, म्हणून बाई परत मागतायत.

बाई बोर्डापुढे येऊन बसल्या. पॅकिंगला फोन एकच, सुपरवायझरच्या टेबलावर. सुपरवायझर त्या नव्या पर्सोनेल ऑफिसरच्या खास मर्जीतला, ऐकलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या केबिनमध्ये नेऊन पोचवणारा. पॅकिंगवालीला नुसतं बोलावून घेऊन कानात सांगता येईल, असं मी सुचवलं. बाई म्हणाल्या, "बोलावून सांगितलं तर ती ऐकेल, पण तिला खरं वाटणार नाही. आणि बाकीच्यांच्या ड्रॉवरमध्ये आहेत त्यांचं काय?"

त्यांनी पॅकिंगच्या भोकात प्लग घातला. सुपरवायझरला सांगितलं की फोन तिच्या हातात नको, तुम्हीच धरा आणि मी बोलते ते तिला मोठ्याने सांगा, सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

"सांगा तिला, माझा उजवा कान काल त्या बत्तीने गेला. मेण आत गेलं, पडदा भाजला, भोक पडलं. सांगितलं? आता सांगा, मला उजव्या बाजूने काही ऐकू येत नाही. हो, मला. बोर्डावरच्या बाईला. पोरीला ती लावायची नाही, डॉक्टरकडे न्यायची. डॉक्टरचा पत्ता मी देते."

मग त्यांनी प्लग काढला आणि दुसऱ्या भोकात घातला. अकाउंट्स. मग लॅब. मग कँटीन. मी शेजारी बसून बाकीचे फोन सांभाळत होते आणि बाई एकेक खातं घेत होत्या, त्याच शब्दांत, आवाज न बदलता. टायपिस्टला फोन लावला तेव्हा ती रडायला लागली. बाईंनी तिला सांगितलं की शिंक कुणालाही येते, रडू नको, तुझ्याकडे दोन उरल्यात त्या मोडून टाक.

तपासणीला बोलावणं आलं तोपर्यंत सगळ्या फॅक्टरीला कळलं होतं. पर्सोनेल ऑफिसर स्वतः खोलीच्या कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा. मी दारात. मागे बसलेल्या माणसाने बाईंच्या कानांवर वाट्या चढवल्या आणि उजव्यापासून सुरुवात केली. बाईंचे दोन्ही हात मांडीवर. मला दारातूनही खट् ऐकू येत होतं. खट्. हात मांडीवरच. खट्. हात मांडीवरच. थोड्या वेळाने बाईंनी मान न वळवता त्याला सांगितलं, "भाऊ, तुमच्या बटणाचा आवाज येतोय मला डाव्या कानात. उजव्याचं खरं मोजायचं असेल तर बटणावर रुमाल टाका."

त्याने रुमाल टाकला. उजवा कान नापास झाला. मग डाव्याची पाळी आली आणि बोट वर जायला लागलं, एकही आवाज न चुकवता. तो माणूस आवाज इतका बारीक करत गेला की शेवटी त्याने स्वतःच मशीन चालू आहे ना म्हणून वाकून पाहिलं.

ऑफिसर निघून गेला. त्या दिवशी निकाल आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बोर्डरूममध्ये आला. मुंबईच्या हेड ऑफिसचा कॉल त्याने सकाळीच आमच्याकडे मागून ठेवला होता, तो अजून लागला नव्हता. हातात टाईप केलेला कागद होता. मी उभी राहिले. बाई उभ्या राहिल्या नाहीत, कारण तेवढ्यात पॅकिंगचं झाकण पडलं होतं. त्यांनी ऑफिसरला एक बोट दाखवून थांबवलं आणि प्लग घातला. पलीकडून पॅकिंगवाली बोलत होती, मागे मशीनचा धडधडाट. बाई नुसत्या हं, हं करत होत्या. मग प्लग तसाच ठेवून त्यांनी आम्हाला सांगितलं, "पोरीच्या कानातून मणी निघाला. गळ्यातल्या माळेतला. डॉक्टर म्हणाले, वरून मेण पडलं असतं तर मणी तिथेच चिकटून बसला असता, आणि भोवतीचा कान भाजला असता तो वेगळा." आणि पुन्हा फोनमध्ये: "झोपली का रात्री? बरं. तू पण झोप आता."

त्यांनी प्लग काढला. ऑफिसर म्हणाला, "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"काल सांगितलं की, साहेब. तुमच्यासकट सगळ्यांना."

"एका कानाने हा बोर्ड चालेल?"

"बोर्डाला एकच लागतो," बाई म्हणाल्या. "वाटी बघा ना, एकच आहे."

त्याने हेडसेटकडे पाहिलं. मला वाटतं त्याने तो त्याआधी कधी नीट बघितलाच नव्हता. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, साहेब, मी आहेच शेजारी. त्याने कागदाची घडी घातली आणि ती खिशात ठेवली. तोवर बोर्डावर आणखी एक झाकण पडलं होतं आणि बाईंचा हात प्लगवर गेला होता. तो वळला आणि दारापर्यंत पोचला.

"साहेब," बाईंनी मागून हाक मारली, डाव्या कानावरची वाटी बोटाने दाबून, "पळा. तुमची मुंबई लागलीय."